हळू आवाजाचा ॲम्प

मार्च सरत आला की ढाणकीच्या चहूबाजूंनी हळद शिजायला लागते. शेताशेतात वाफेचे लोट उठतात आणि तो ओला, मातकट, जरासा कडवट वास गावावर बसून राहतो. वाळत घातलेल्या कपड्यांना लागतो, माठातल्या पाण्याला लागतो. माझ्या मोटर वाइंडिंगच्या दुकानातल्या तांब्याच्या तारेलाही तो लागत असावा. गावातल्या लोकांना हा वास आला की हळदीचा भाव आठवतो. मला सीझन आठवतो.

सीझन म्हणजे आमच्या गाण्याच्या पार्टीचा. चौदा एप्रिलच्या जयंतीला सुरू होतो, वैशाख पौर्णिमा ओलांडतो आणि आभाळ भरून येईपर्यंत चालतो. आज घरच्या विहारासमोर, उद्या फुलसावंगीला, तर परवा पार झरी जामणीकडे, जंगलातल्या एखाद्या कोलामांच्या पोडावर, म्हणजे आदिवासी वस्तीवर. तिथं पन्नास माणसं, एक बल्ब आणि भोवती अंधार. वीस-बावीस वर्षं मी ह्या पार्टीत गिटार वाजवली. दिवसा मोटारी बांधायच्या आणि सीझनला तारा छेडायच्या, असा माझा संसार होता. त्यात करुणा गायची. करुणा म्हणजे माझी बायको.

यंदाही हळदीचा वास सुटला आणि पार्टीचे प्रमुख भगवानदादा ह्यांचा फोन आला.

"गिटारवाले, यंदा येता का नाही? तुमची जागा मी कोणाले देली नाही."

"पाहतो, दादा."

"पाहतो नोका म्हणू. हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा."

मला दोन्ही म्हणता आलं नाही. फोन ठेवला आणि उघडून ठेवलेल्या मोटारीकडे नुसता बघत बसलो. मागचा सीझन मी एकाही गावाला गेलो नव्हतो. एका खोलीत, एकाच माणसासाठी वाजवला होता. इतक्या हळू, की भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला पत्ता नव्हता.

करुणाचा आवाज जाड होता. बाई गाणार म्हटल्यावर लोक जो नाजूक आवाज धरून बसतात, तो तिचा नव्हताच. पहिली ओळ ती माइकपासून हातभर लांब उभी राहून म्हणायची, आणि मागच्या रांगेत बिडी ओढणारे बिडी खाली करायचे. महागावकडची होती ती. पार्टीत आली तेव्हा महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मग एक दिवस सगळ्यांसमोर भगवानदादांना म्हणाली, "ह्या गिटारवाल्याले विचारा, प्रत्येक गाण्यात घाई कायले करते हा? कोणाची बस सुटून राह्यली काय?" सगळे हसले. मीही हसलो. पुढच्या वर्षी आमचं लग्न झालं आणि घाईवरून बोलणी खायला मी घरातच सापडलो.

तेव्हाचा माझा ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा खोका, काळ्या लाकडाचा धोंडाच होता. जीपमध्ये चढवायला दोन माणसं लागत. जनरेटरचा आवाज, माणसांचा आवाज, आणि त्यावरून गिटार पोचवायची. त्याला तसाच धोंडा हवा. आवाज कमी करायचा असतो, हे आमच्या धंद्यात कोणी कधी बोललंच नव्हतं.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला जड जातं. दोन वर्षांमागे मार्चमध्ये करुणाचा आवाज बसला. सीझनच्या तोंडावर गाणाऱ्यांचे आवाज बसतातच. तालमी असतात, धूळ असते, थंड पाणी प्यायलं जातं. मी ज्येष्ठमध आणून दिलं. ती दोनदा म्हणाली, "अहो, ह्या बारीले येगळंच लागून राह्यलं घशात. गिळतानी टोचते." मी म्हटलं, "सीझन होऊ दे. मग दाखवू." एप्रिल गेला, मे गेला. ती गात राहिली. वरचे सूर सोडून द्यायची, ते कोरसवाले घ्यायचे. लोकांना फरक कळला नाही. मला कळत होता. मी तिच्या शेजारी उभा होतो.

जूनमध्ये पाऊस लागला, मग दुकानात जळालेल्या मोटारींची रांग लागली. आम्ही नागपूरला गेलो तेव्हा ऑगस्ट होता. डॉक्टरांनी विचारलं, "आवाज कधीपासून बसला?" मी सांगितलं, "मार्चपासून." त्यांनी मान वर केली नाही. फक्त लिहून घेतलं. आवाजाच्या पेटीशी गाठ होती आणि ती मानेत उतरली होती.

"खर्रा खायच्या काय?" हे आम्हाला सगळ्यांनी विचारलं. डॉक्टरांनी, नातेवाइकांनी, बसमधल्या अनोळखी बाईनंही. करुणानं तंबाखू-सुपारीचा खर्रा तर सोडाच, जन्मात सुपारीचं खांडही तोंडात धरलं नव्हतं. सुरुवातीला ती उत्तर द्यायची. पुढे आवाज गेला, तेव्हा नुसती मान हलवायची, आणि लोकांना ती खोटं बोलते असं वाटायचं.

हिवाळाभर विजेचे शेक आणि सलाईनमधून कॅन्सरचं औषध चाललं. घरी आणलं तेव्हा तिच्या गळ्यातून फक्त हवा निघायची. बोलली तर ओठांजवळ कान न्यावा लागे. पण त्याहून विचित्र गोष्ट हळूहळू लक्षात आली. मी शेजारी बसून बोललो तर तिला ऐकू यायचं नाही, आणि कुकरची शिट्टी झाली की ती दोन्ही कान दाबून भिंतीकडे तोंड करायची. स्टीलचं ताट पडलं तेव्हा तर डोळ्यांतून पाणी आलं. शिवाय कानात दिवसभर एक बारीक शिट्टी वाजत असे. "रातकिडा घुसला वाटते डोक्यात," असं ती म्हणाली.

फेब्रुवारीत नागपूरच्या डॉक्टरांनी गाठ परत आल्याचं सांगितलं, आणि आता घरीच ठेवा म्हणाले. त्याच आठवड्यात यवतमाळला आम्ही कान तपासले. आमची मुलगी मित्रा तिथं नर्सिंग शिकते, तिनं नंबर लावला होता. तपासणाऱ्या बाई समजुतीच्या होत्या. कागदावर दोन आडव्या रेघा काढून त्यांनी मला दाखवलं. "ही खालची रेघ म्हणजे आवाज ऐकू यायला लागतो तिथली. वरची, आवाज दुखायला लागतो तिथली. तुमच्या-माझ्या कानात ह्या दोघींच्या मध्ये भरपूर जागा असते. काही जणांना कॅन्सरच्या ह्या औषधानं असं होतं. ह्यांच्यात बोटभर जागा उरली आहे. बारीक, टोकदार आवाज गेलेत. जाड आवाज अजून आहेत."

परतीच्या बसमध्ये खिडकीतून गरम वारा येत होता. आर्णी मागे पडलं तसं करुणानं मला जवळ ओढलं आणि कानाशी म्हणाली, "जाड आवाज हायेत म्हणे."

"हो."

"मंग तुमची गिटार आयकू येईन मले."

त्या दिवसापर्यंत घरात गिटार मी खोळीतून काढलीच नव्हती. गाणारी बाई अशी पडलेली असताना तिच्यासमोर वाजवायचं कसं, हा मला प्रश्न होता. तिला तो नव्हता.

घरी येऊन आधी गिटार नुसतीच वाजवली. विजेची गिटार ॲम्पशिवाय म्हणजे तारांची टिकटिक. नेमका तोच आवाज तिच्या कानातून गेला होता. ती माझ्या बोटांकडे बघत राहिली आणि मग तिनं नाही म्हणून मान हलवली. मग धोंडा काढला. त्याचं बटण शून्यावरून केसभर सरकवलं, काहीच नाही. आणखी केसभर, काहीच नाही. पुढे एकदम धाडकन आवाज आला. करुणा कान धरून उठून बसली. मी गोधडी टाकली ॲम्पवर, तोंड भिंतीकडे केलं, मागचं झाकण उघडून आतली घूं कमी करायचा खटाटोप केला. तांब्याची कामं करणारा माणूस मी, दोन दिवस त्यात घातले. पण ती वस्तू गर्दीसाठी बांधलेली होती. एका आजारी माणसासाठी ती कोणी बांधली नव्हती.

मार्चच्या शेवटी मी गिटार पाठीला लावून एकटाच यवतमाळला गेलो. वाद्यांच्या दुकानातला माणूस तिशीतला, बोलका होता. त्यानं आधी मोठे ॲम्प दाखवले.

"लहान दाखवा," मी म्हटलं. "हलका पाहिजे. आणि हळू वाजला पाहिजे."

"हळू तर सगळेच वाजतात ना काका. बटण कमी केलं की झालं."

"नाही वाजत. कमी केले की मरतात."

त्यानं मुठीत मावेल असा एक दाखवला. वजन काहीच नाही. पण त्याचा आवाज डबीत गांधीलमाशी कोंडल्यासारखा, सगळा वरचा, टोकदार. तो बाजूला ठेवला. दुसऱ्याचा आवाज मऊ होता, भरलेला होता, अगदी तळाशीही जिवंत होता. तो उचलून पाहिला तर दोन्ही हात लागले. मी तो मांडीवर घेऊन बसलो. पाच मिनिटांत पाय अवघडला.

दुकानदार हसून म्हणाला, "काका, ॲम्प खाली ठेवतात. मांडीवर कोण घेतं?"

"बाजेवर ठेवायचा आहे. पेशंटच्या बाजूला."

तो हसायचा थांबला. कोण पेशंट, हे त्यानं विचारलं नाही. आत जाऊन आणखी तीन खोकी घेऊन आला, आणि मी म्हटल्यावर पंखाही बंद केला. एप्रिल तोंडावर आलेला, पत्र्याचं छत, आम्ही दोघं घामानं निथळत होतो. मी खिशातला कापूस काढून कानात घातला, वर रुमाल बांधला. करुणाला जेवढं ऐकू येत असेल तेवढंच मला ऐकायचं होतं. एकेक ॲम्प लावायचा, सगळ्यात जाड तार छेडायची आणि बटण शून्यावरून अगदी सावकाश पुढे न्यायचं. आवाज कुठं सुरू होतो आणि कुठून टोचायला लागतो, ह्याच्यामधली जागा मी बोटानं मोजत होतो. बाहेर दोन गिऱ्हाईकं येऊन उभी राहिली, कानाला रुमाल बांधलेल्या माणसाकडे बघून निघून गेली.

शेवटी एक सापडला. करड्या रंगाचा, जाड पुस्तकाएवढा, अडीच किलोच्या आतबाहेर. चार्जिंगच्या सेलवर चालायचा, म्हणून घरच्या लाइनची घूं त्यात नव्हती. आवाजाची दोन बटणं होती. एकानं तारेचा आवाज आत किती घ्यायचा ते ठरायचं आणि दुसऱ्यानं बाहेर किती सोडायचा ते. आतलं अर्ध्यावर ठेवून बाहेरचं नुसतं उघडलं, तरी जाड तार पूर्ण बोलत होती. टोकदार आवाजाचं बटण वेगळं होतं, ते मी शून्यावर नेलं. मग दुकानाच्या बाकड्यावर उताणा झोपलो आणि ॲम्प छातीवर ठेवला. श्वास घेता येत होता. त्याच्या मागच्या फळीतून आवाज थेट बरगड्यांत उतरत होता.

"एकदा मोठ्यानं तर वाजवून पाहा," दुकानदार म्हणाला. "नंतर म्हणाल की फाटतो."

"मोठ्यानं वाजवायचाच नाही."

पहिला दिवस वाईट गेला. जागा सापडेना. मित्रानं सुट्टी काढली होती, ती दाराशी उभी होती. बटण जरा पुढे गेलं की करुणाच्या कपाळावर आठ्या पडत, जरा मागे आलं की ती बोटानं 'नाही' करायची. तिसऱ्या दिवशी ती अचानक स्थिर झाली. मी बटणाला हात न लावता मित्राला म्हटलं, "इथं खूण कर." तिनं आपल्या नखांच्या रंगाचा एक लाल ठिपका तिथं लावला. त्या ठिपक्याच्या पुढेमागे आमचा अख्खा सीझन झाला.

दुपारी चारच्या सुमारास वाजवायचो. खिडकीला ओलं पोतं, खाली फरशी तापलेली, बाजेवर करुणा आणि तिच्या कुशीशी ॲम्प. ती तळवा जाळीवर ठेवायची. अर्धं कानानं आणि अर्धं हातानं ऐकत होती. आमचीच गाणी, फक्त शब्द नसलेली. कधी ओठ हलायचे. दुसऱ्याच आठवड्यात तिनं तर्जनीनं ॲम्पवर टकटक केलं. मी वाकलो.

"घाई," ती म्हणाली. "अजून घाईच करता तुम्ही."

मी सावकाश केलं. तिच्या बोटाच्या ठेक्यावर वाजवायला लागलो तेव्हा ती गाणी मला वेगळीच वाटली. इतकी वर्षं मी ती पळवत नेली होती.

एकदा दुपारी तिला नीट झोप नव्हती, तरी मी गिटार घेऊन बसलो. मित्रा मला बाहेर घेऊन गेली.

"बाबा, एक विचारू? हे आईसाठी चालू हाय का तुमच्यासाठी?"

मी आत जायला वळलो.

"तिले दुखलं तरी ती सांगत नाही. तुम्ही दोनशे किलोमीटर फिरून तो आणला म्हणून आयकते ती. मागच्या वक्ताले तिनं टोचते म्हणून सांगितलं तं तुम्ही काय म्हणलं होतं?"

मित्रा तेव्हा हॉस्टेलवर होती. म्हणजे करुणानंच तिला सांगितलं असणार. मी दुकानात जाऊन बसलो, चार वाजून गेले तरी घरी गेलो नाही. पाचला मित्राचा फोन आला. "या. ती तुमच्या ॲम्पच्या डब्याकडे बोट दाखवून राह्यली." आवाज रडका होता, पण तिनं आपला प्रश्न मागे घेतला नाही. तो मीही अजून सोडवलेला नाही.

जयंतीची मिरवणूक आमच्याच गल्लीतून जाते. ऊन उतरल्यावर निळे झेंडे वळणावर दिसले आणि त्यामागे साउंडच्या भिंती. मी आधीच जाऊन सांगितलं होतं. त्यांनी आमच्या दारापाशी आवाज कमी केलाही. पण त्या भिंतींचं कमी म्हणजे आमच्या खिडक्या थरथरायच्या. मी आणि मित्रानं करुणाच्या कानांवर उशा धरल्या. ती आकसून गेली होती, डोळे मिटलेले, गालांवर पाणी. मी उठलो. "बंदच करायले सांगतो," म्हटलं. तिनं माझा शर्ट धरला. इतकी ताकद तिच्यात उरली असेल असं मला वाटलं नव्हतं. दुसऱ्या हातानं, बोलण्याऐवजी लिहायला उशाशी ठेवलेली पाटी ओढून तिनं लिहिलं, 'नोका थांबवू. आपलीच जयंती हाय.' मिरवणूक जाईपर्यंत तिनं शर्ट सोडला नाही.

त्यानंतर ती झपाट्यानं उतरत गेली. मे लागला तसं जेवण नळीवर आलं. वाजवणं दहा मिनिटांवर आलं, मग पाचावर. एका दुपारी मी नेहमीचं गाणं धरलं, दोन कडवी झाली. करुणानं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि हातानं खुणावलं, 'सुरू करा ना.'

मी वाजवतच होतो.

बटण ठिपक्याच्या पुढे नेलं. तिच्या चेहऱ्यावर काही उमटेना. आणखी पुढे न्यायचं धाडस मला झालं नाही. ॲम्प उचलला, तिच्या छातीवर ठेवला, तिचे दोन्ही तळवे त्याच्यावर ठेवले आणि सगळ्यात जाड तार सावकाश छेडत राहिलो. बऱ्याच वेळानं तिनं हो म्हणून मान डोलावली. तिला ते पोचलं, की माझं समाधान व्हावं म्हणून तिनं मान डोलावली, हे मला सांगता येत नाही.

त्यानंतर चार दिवसांनी सकाळी ती गेली. मी घरी नव्हतो. एका पाणीपुरवठ्याच्या मोटारीचं काम तातडीचं होतं, दोनच तास म्हणून दुकानात गेलो होतो. मित्रा जवळ होती. मी आलो तेव्हा तिनं आईची वेणी घालून ठेवली होती. ॲम्प खिडकीत चार्जिंगला लावलेला, त्याचा हिरवा दिवा चालू होता. तो काढायचं भान दोन दिवस कोणाला राहिलं नाही.

यंदा भगवानदादांना शेवटी मी हो म्हटलं. का म्हटलं, ते विचारू नका. घरी चार वाजता काय करायचं ते मला सुचत नव्हतं, एवढंच.

पहिला कार्यक्रम फुलसावंगीला होता. दिवस नुकताच मावळला होता, पश्चिमेला उजेड होता, बाया पोरांना घेऊन सतरंज्यांवर बसत होत्या. करुणाच्या जागी पुसदकडची एक नवी मुलगी उभी होती. तिचा आवाज बारीक, पण सुरेल होता. माझी गिटार सरळ मोठ्या साउंडला जोडलेली होती. गाणं सुरू झालं. मी डोळे मिटून वाजवत होतो. पहिलं कडवं संपता संपता भगवानदादा माझ्याजवळ आले.

"गिटारवाले, वाजवून राह्यले काय तुम्ही? काहीच येऊन नाही राह्यलं!"

साउंडवाल्यानंही दुरून हात वर केले. त्यानं माझं बटण कधीच पुढे नेलं होतं. तारेत आवाजच नव्हता. मी बोटांकडे पाहिलं. ती तारेला नुसती टेकत होती, झोपलेल्या माणसाच्या अंगावरचं पांघरूण सारखं करावं तशी. दीड महिन्यात हातांना लागलेली ही सवय वर्षभर गिटार न धरताही गेली नव्हती.

"जोरात!" दादा म्हणाले. "जोरात मारा!"

मी तार जोरात ओढली. तो आवाज मैदानावरून गेला, शाळेच्या भिंतीला लागून परत आला. माझे खांदे आपोआप आकसले. मी सगळीकडे पाहिलं, बसलेल्या बायांकडे, गाणाऱ्या मुलीकडे, पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांकडे. सगळे टाळ्या वाजवत होते. मी आणखी जोरात वाजवलं. कोणालाच दुखलं नाही.